पगाराविना किती महिने?

"ताई, मी २७ वर्षांची. शिक्षण संपल्यापासून चार वर्षं एकाच कंपनीत आहे. पगार वाईट नाही, पण दर महिन्याच्या बावीस-तेवीस तारखेला खातं कोरडं पडतं आणि उरलेले दिवस क्रेडिट कार्डावर निघतात. कार्डाची थकबाकी वाढत वाढत एका पगाराच्या वर गेली आहे. मी दर महिन्याला ‘किमान रक्कम’ भरते. शैक्षणिक कर्जाचे हप्ते आणखी चार वर्षं आहेत. घरीही थोडे पैसे पाठवते. शिल्लक शून्य. बरोबरीचे सगळे जण शेअर्स आणि फंडांविषयी बोलायला लागले की मी गप्प बसते. आता एका दोन वर्षांच्या नव्या कंपनीने ४० टक्के वाढ देऊ केली आहे, त्यातला काही भाग कंपनीच्या शेअर्सच्या रूपात. उत्तर द्यायला थोडेच दिवस आहेत. ही नोकरी घेऊ का, आणि वाढीव पैसे कुठे गुंतवू, एवढंच विचारायचं आहे. कार्डाचं घरी कोणालाच माहीत नाही. सगळे आकडे सोबतच्या कागदावर लिहिले आहेत. — मागे राहिलेली"

प्रिय मुली,

तू दोन प्रश्न विचारलेस. तुझा कागद तीनदा वाचल्यावर मला वाटतं की त्या दोन्हींच्या आधी एक प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर मिळालं की हे दोन्ही बरेचसे सुटतात. उद्या तुझा पगार थांबला, तर तू किती महिने राहू शकशील? भाडं, हप्ता, घरी पाठवायचे पैसे आणि रोजचं जगणं धरून. आज या प्रश्नाचं उत्तर शून्य आहे. मला तुझी काळजी वाटते ती या शून्याची. शेअर्स घेतले नाहीस याची मला अजिबात काळजी नाही.

हे मी इतक्या ठामपणे का म्हणते, ते सांगते. मी २९ वर्षांची असताना ज्या कचेरीत होते, तिथे माझ्या साहेबांनी एका ग्राहकाला द्यायच्या अहवालातल्या तारखा बदलायला सांगितल्या. काम उशिरा झालं होतं आणि ते वेळेत झाल्यासारखं दाखवायचं होतं. मला नाही म्हणायचं होतं. पण दर महिन्याच्या चार तारखेला माझा हप्ता कापला जायचा आणि खात्यात पुढच्या चार तारखेची सोय नव्हती. मी तारखा बदलल्या, खाली सही केली आणि त्यानंतर आणखी चौदा महिने तिथेच राहिले. माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकारी बाईंना तेच सांगितलं गेलं होतं. त्यांनी शांतपणे नकार दिला आणि महिन्याभरात त्या नोकरी सोडून गेल्या. त्या माझ्याहून धाडसी आहेत असं मी बरीच वर्षं समजत होते. खूप नंतर भेटल्या तेव्हा त्यांनीच सांगितलं, "अगं, माझ्याकडे आठ महिन्यांचा खर्च बाजूला होता."

त्या दिवसापासून मी बचतीकडे वेगळ्या नजरेने बघते. तिच्यावर किती व्याज मिळतं हा प्रश्न माझ्या लेखी खूप नंतरचा. तरुण वयातली पहिली बचत नोकरीच्या जागी उपयोगी पडते. वाईट साहेबाला नाही म्हणायला, घाईत पहिली मिळेल ती नोकरी न पकडायला, पगाराची बोलणी करताना आवाज न कापू द्यायला. करिअर आणि पैसा यांचे सल्ले वेगवेगळ्या कप्प्यांत दिले जातात, म्हणून ही गोष्ट मधल्या फटीत हरवते.

आता तुझा कागद. मी तुझा हातात येणारा पगार १०० धरते, म्हणजे आकडे डोक्यात राहतील. त्यातले १८ कर्जाच्या हप्त्याला जातात, १२ घरी, ६ कार्डाच्या किमान रकमेला, आणि ६४ भाडं व जगण्याला. कार्डावर १२० थकले आहेत आणि तुझ्या कार्डाचा व्याजदर दरमहा ३ टक्के आहे.

३ टक्के हा आकडा दिसायला लहान आहे. व्याजावर व्याज धरलं तर तो वर्षाला जवळपास ४३ टक्के होतो. झटपट हिशेबासाठी ७२ चा नियम लक्षात ठेव: ७२ ला व्याजदराने भागलं की रक्कम दुप्पट व्हायला लागणारा काळ साधारण कळतो. ७२ भागिले ३ म्हणजे २४. कार्डावरच्या पैशांना हात लावला नाही, तर दोन वर्षांत ते दुप्पट. हा नियम जुना आहे. इटलीतल्या लुका पाचोलीने १४९४ साली छापलेल्या गणिताच्या ग्रंथात तो आहे. म्हणजे कर्ज घेणाऱ्यांना पाचशे वर्षांपूर्वीही याची गरज पडत होती.

तू म्हणशील, मी तर दर महिन्याला भरते आहे. भरतेस, पण किमान रक्कम भरतेस, आणि तीच तुला अडकवून ठेवते आहे. तुझी किमान रक्कम थकबाकीच्या ५ टक्के आहे. त्यातले जवळपास ३ व्याजातच जातात, मूळ रक्कम जेमतेम २ टक्क्यांनी सरकते. समज कार्डावर १०० थकले आहेत, एकही नवी खरेदी केली नाही आणि इमानेइतबारे फक्त किमान रक्कम भरत राहिलीस. साधारण ३२ महिन्यांनी थकबाकी निम्मी होईल. तोवर तू एकूण १२० च्या आसपास भरलेले असशील आणि ५० अजून डोक्यावर उभे असतील. हे एकदा कागदावर स्वतः करून बघ. मी करून दाखवलेल्यापेक्षा तुझ्या हाताने केलेला हिशेब तुला जास्त लागेल.

आणखी एक बाब आहे आणि ती पुष्कळांना ठाऊक नसते. पूर्ण बिल वेळेवर भरणाऱ्याला जी बिनव्याजी मुदत मिळते, ती थकबाकी पुढे ढकलली की बहुतेक कार्डांवर रद्द होते. मग तू बावीस तारखेला जे काही घेतेस, त्यावर त्याच दिवसापासून व्याज चालू होतं. त्यामुळे कार्ड आजच पाकिटातून काढून ठेव, आणि ज्या ज्या ॲपमध्ये त्याचा नंबर साठवलेला आहे तिथून पुसून टाक. महिनाअखेरचे आठ दिवस तंगीत जातील. पहिले दोन महिने फार जड जातील, हे मी लपवत नाही.

बँकेकडे एक चौकशी मात्र नक्की कर. ही थकबाकी कमी व्याजाच्या वैयक्तिक कर्जात किंवा ठरावीक हप्त्यांत बदलून मिळते का? वर्षाला १४-१५ टक्क्यांचं कर्जसुद्धा ४३ टक्क्यांपुढे कितीतरी हलकं. प्रक्रिया शुल्क आणि मुदतीआधी फेडल्याचा दंड किती, हे विचारून घे. हा मार्ग चांगला आहे, पण एका अटीवर: जुनी थकबाकी कर्जात गेली म्हणून रिकामं झालेलं कार्ड पुन्हा भरायला घ्यायचं नाही. मी लोकांना इथेच घसरताना पाहिलं आहे. मग एकाऐवजी दोन कर्जं होतात.

तुझ्या मित्रमंडळींच्या शेअर्सच्या गप्पांकडे आता येते, कारण ‘मागे राहिलेली’ ही सही तिथूनच आली आहे.

समज तुझ्याजवळ एका महिन्याच्या पगाराइतकी शिल्लक आहे. एकीला तिच्यावर वर्षाला ८ टक्के मिळाले, दुसरीने अभ्यास करून, रात्री जागून १२ टक्के मिळवले. फरक ४ टक्के. एका महिन्याच्या पगाराचे ४ टक्के म्हणजे एका दिवसाच्या पगाराहून थोडे जास्त. वर्षभराच्या खटाटोपाची कमाई एक दिवसाचा पगार! शिल्लक मोठी झाली की हाच फरक मोठा होतो, तेव्हा त्याचा विचार करायचाच. पण सत्ताविसाव्या वर्षी तुझी सगळ्यात मोठी मालमत्ता बँकेत नाही. पुढची तीसेक वर्षं तू जे कमावणार आहेस, ती तुझी मालमत्ता. अर्थशास्त्रात तिला मानवी भांडवल म्हणतात. गॅरी बेकर यांना १९९२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं त्यात या कल्पनेवरच्या कामाचा मोठा वाटा होता. रात्री दोन तास मोबाइलवर शेअर्सचे भाव बघण्यापेक्षा तेच दोन तास तुझ्या कामातलं एखादं अवघड अंग शिकण्यात घातलेस, तर ते आज जास्त फळतील.

आणि कार्ड फेडणं हीसुद्धा गुंतवणूकच आहे. ४३ टक्क्यांचं व्याज थांबवणं म्हणजे खात्रीचे ४३ टक्के मिळवणं. तुझ्या मैत्रिणींपैकी कोणाकडे खात्रीचे ४३ टक्के देणारी जागा आहे? कोणाकडेच नाही, कारण तशी जागा अस्तित्वात नाही. कोणी आहे म्हणाला तर तिथून उठून ये.

आता नोकरी.

नोकरी बदलण्याला माझा विरोध नाही. उलट उमेदीच्या काळात पगार वाढतो तो बराचसा नोकरी बदलण्यातूनच. रॉबर्ट टोपेल आणि मायकेल वॉर्ड या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या तरुण पुरुष कामगारांच्या नोंदी तपासून १९९२ मध्ये दाखवलं होतं की पहिल्या दहा वर्षांतल्या पगारवाढीपैकी निदान एक तृतीयांश वाढ नोकरी बदलताना आलेली असते. चार वर्षं एका ठिकाणी राहून तू काही चुकलेली नाहीस, पण बाहेर तुझी किंमत काय आहे हे तुला आता पहिल्यांदा कळतं आहे. ऑफरचा तेवढा उपयोग तर आधीच झाला.

पण ती ४० टक्के वाढ नीट उलगडून बघ. तुझ्या कागदाप्रमाणे त्यातले १० शेअर्सच्या रूपात आहेत. उरले ३०. त्यावर कर आणि नव्या ठिकाणी जाण्यायेण्याचा वाढीव खर्च धरला, तर हातात साधारण २५ जास्त येतील. शेअर्सची किंमत तू आज शून्य धर. कधीकाळी त्यांचं सोनं झालं तर आनंदच आहे, पण ज्या शेअर्सना अजून बाजार नाही, जे तू तिथे तीन-चार वर्षं टिकल्याशिवाय पुरते तुझे होत नाहीत, त्यांनी भाडं भरता येत नाही.

शेअर्सबाबत आणखी एक भीती आहे. तुझा पगार ज्या कंपनीतून येतो, तिथेच तुझी बचतही असली, तर एकाच दिवशी दोन्ही जातात. अमेरिकेतल्या एन्रॉन कंपनीत नेमकं हे झालं. कर्मचाऱ्यांच्या निवृत्ती योजनेतले निम्म्याहून अधिक पैसे कंपनीच्याच शेअर्समध्ये होते. ऑगस्ट २००० मध्ये ९० डॉलरवर गेलेला तो शेअर पुढच्या वर्षअखेरीला एक डॉलरच्या खाली आला आणि डिसेंबर २००१ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. हजारो लोकांची नोकरी आणि म्हातारपणाची पुंजी एकदमच गेली. ती मूर्ख माणसं नव्हती. आपल्या कंपनीवर विश्वास ठेवणं त्यांना निष्ठा वाटत होती. म्हणून कंपनीने फुकट दिलेले शेअर्स घे, पण पगारातून पैसे घालून आणखी विकत घे असं कोणी म्हणालं तर घेऊ नकोस.

मघाचा प्रश्न आठवतो ना, पगाराविना किती महिने? तोच प्रश्न आता त्या कंपनीला विचार. आज नवी कमाई किंवा नवी गुंतवणूक आली नाही, तर हातातल्या पैशांवर कंपनी किती महिने चालेल? स्टार्टअपवाले याला ‘रनवे’ म्हणतात आणि हा प्रश्न त्यांना नवा नाही. विचारायला संकोचू नकोस. तू तुझी पुढची काही वर्षं त्यांच्या हवाली करणार आहेस. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागाच्या आकड्यांत साधारण पाचातला एक नवा व्यवसाय पहिल्याच वर्षी बंद पडलेला दिसतो आणि पाच वर्षांत जवळपास निम्मे मिटतात. त्यात सगळ्या प्रकारचे धंदे आले, तरी अंदाज यायला ते पुरेसे आहेत.

‘अठरा महिने’ असं सरळ उत्तर आलं तर चांगलं. ‘तशी काही अडचण नाही, मोठी गुंतवणूक येतेच आहे’ असं मोघम आलं, तर ती गुंतवणूक अजून आलेली नाही, एवढाच अर्थ घे.

दोघांचे महिने शेजारी मांडून बघ. कंपनीकडे सहा महिने आणि तुझ्याकडे शून्य, तर मी म्हणेन जाऊ नकोस, कितीही मोहाचं असलं तरी. हीच नोकरी वर्षभराने, हाताशी काही महिने असताना आली असती तर मी जा म्हटलं असतं. कंपनीकडे दीड वर्ष असेल, रोख पगार लेखी ठरलेला असेल आणि काम तुला वाढवणारं असेल, तर जा. मी यात कुंपणावर बसत नाही. कारण ती वाढ तू नीट वापरलीस तर कंपनीचे महिने संपायच्या आत तुझे महिने जमा होतात. हिशेब दाखवते.

हातात येणारे जादा २५ आणि आत्ता कार्डाला जाणारे ६ मिळून ३१. दर महिन्याला सगळे ३१ कार्डाला गेले, तर १२० ची थकबाकी व्याजासकट पाचव्या महिन्यात संपते. तू ज्याला वर्षानुवर्षांचं ओझं समजतेस, ते पाच महिन्यांचं आहे. त्यानंतर तेच ३१ बाजूला पडायला लागतात. तुझा महिन्याचा खर्च कार्ड वगळून ९४. त्याच्या तिप्पट म्हणजे २८२ जमायला नऊ-दहा महिने. म्हणजे रुजू झाल्यापासून चौदाव्या महिन्याच्या सुमारास कार्ड कोरं आणि तीन महिने हाताशी. सहा महिने हवे असतील तर साधारण दोन वर्षं.

यात एक अट आहे, तुझं ९४ हे ९४ च राहिलं पाहिजे. आणि हीच गोष्ट माणसाला सगळ्यात अवघड जाते.

दुसरं एक उदाहरण घे. कोणी १०० मिळवतं, ९० खर्च करतं, १० मागे टाकतं. एका महिन्याचा खर्च साठवायला त्याला ९ महिने लागतात. पगार १४० झाला आणि राहणीही त्याच प्रमाणात वाढून १२६ झाली. आता १४ मागे पडतात. १२६ भागिले १४, पुन्हा ९ महिने. पगार ४० टक्क्यांनी वाढला आणि तो माणूस होता तिथेच उभा आहे, फक्त आता त्याला जास्त पगाराची गरज आहे. तोच जर खर्च १०० वर थांबला असता, तर ४० मागे पडले असते आणि अडीच महिन्यांत एक महिना जमा झाला असता. सहा महिन्यांची पुंजी पहिल्या वाटेने साडेचार वर्षांत, दुसऱ्या वाटेने सव्वा वर्षात. वाढलेला खर्च दोनदा मारतो: बचत कमी करतो आणि गरज मोठी करतो.

मी तुला ‘मनावर ताबा ठेव’ असं सांगणार नाही. माझा स्वतःचा ताबा कधी टिकला नाही, आणि रिचर्ड थेलर व श्लोमो बेनार्त्झी या दोघा अभ्यासकांनी त्यावर जी वाट काढली ती मला फार पटते. पगारातून आजच काही कापायचं म्हटलं की ते तोट्यासारखं टोचतं. म्हणून त्यांनी कर्मचाऱ्यांकडून फक्त एवढंच कबूल करून घेतलं की पुढची पगारवाढ होईल तेव्हा तिचा काही हिस्सा आपोआप बचतीत जाईल. ज्या कंपनीत हे पहिल्यांदा करून पाहिलं, तिथे सामील झालेल्यांची बचत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून चाळीस महिन्यांत १३.६ टक्क्यांवर गेली. हे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या माणसांचा स्वभाव बदलला नव्हता, पैसा हातात यायच्या आधी त्याची वाट ठरली होती, इतकंच.

तुला हे करायची संधी आत्ता आहे, पुढच्या महिन्यात नसेल. नव्या नोकरीचा पहिला पगार जमा व्हायच्या आधी बँकेत कायमची सूचना देऊन ठेव: पगाराच्या दुसऱ्या दिवशी ३१ कार्डाकडे, आणि कार्ड संपलं की तेच ३१ दुसऱ्या खात्याकडे. ते दुसरं खातं दुसऱ्या बँकेत असलं तर उत्तम, त्याचं डेबिट कार्ड घरात ठेव. नवीन घर, नवीन फोन, काहीही पहिले सहा महिने नाही. एक अपवाद मी करेन: पहिल्या पगारातून स्वतःला आवडेल असं काहीतरी एकदा, रोखीने घे. अगदी काहीच न घेणाऱ्या माणसाचा बांध चौथ्या महिन्यात फुटतो.

ही पुंजी शेअर बाजारात ठेवायची नाही. कारण साधं आहे: मंदी आली की नोकऱ्या जातात त्याच वेळी शेअर्सही कोसळतात. ऑक्टोबर २००७ ते मार्च २००९ या काळात अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांच्या शेअर्सचा एस अँड पी ५०० निर्देशांक निम्म्याहून खाली आला, आणि नेमक्या त्याच काळात लाखो लोक घरी बसले होते. ज्यांची अडीअडचणीची पुंजी शेअर्समध्ये होती, त्यांना ती निम्म्या भावात मोडावी लागली. म्हणून हे पैसे बचत खात्यात किंवा केव्हाही मोडता येईल अशा ठेवीत. व्याज कमी मिळेल, मिळू दे.

सहा महिने जमले की मग गुंतव, आनंदाने गुंतव. तोवर एवढंच मनात ठेव: शुल्क कमी असलेला, सगळा बाजार एकत्र घेणारा इंडेक्स फंड पुष्कळांना पुरतो. जॉन बोगल यांनी १९७६ मध्ये सामान्य माणसासाठी असा पहिला फंड काढला तेव्हा त्यांची चेष्टा झाली होती; आज ती पद्धत जगभर आहे. शुल्कातला एक टक्काही हलका समजू नकोस. ३० वर्षं वर्षाला ८ टक्क्यांनी वाढलेले १०० हजाराच्या वर जातात, ७ टक्क्यांनी ७६० च्या आसपासच राहतात. पाव हिस्सा शुल्कात गेला. आणि ‘दीर्घकाळात बाजार वरच जातो’ हे वाक्य कोणी फार खात्रीने म्हणालं, तर जपानचा शेअर निर्देशांक निक्केई आठव. डिसेंबर १९८९ मधली त्याची उंची पुन्हा गाठायला फेब्रुवारी २०२४ उजाडलं. एकाच देशाच्या बाजारावर सगळी भिस्त ठेवू नये, हे मी त्यावरून शिकले.

शैक्षणिक कर्जाची घाई करू नकोस. ते कार्डापेक्षा कितीतरी स्वस्त आहे, हप्ता वेळेवर जातो आहे, जाऊ दे. आरोग्य विम्याकडे मात्र लक्ष दे. कंपनीने दिलेला विमा बहुतेक ठिकाणी नोकरीबरोबरच संपतो, म्हणजे ज्या महिन्यात पगार नसेल त्याच महिन्यात विमाही नसेल. स्वतःच्या नावाचा एक छोटा विमा तरुण वयात स्वस्त मिळतो.

आता, त्या कंपनीचं उत्तर मोघम आलं आणि तू राहिलीस असं समजू. तरी काही बिघडत नाही. रोजच्या ६४ मधून ८ काढता आले, तर कार्डाला महिन्याला १४ जातील आणि दहा-अकरा महिन्यांत ते संपेल. वेळ दुप्पट, पण रस्ता तोच. दरम्यान जुन्या ओळखी जाग्या कर. कॉलेजमधले, आधीच्या प्रकल्पातले, वर्षातून एकदा बोलणारे लोक. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये एक गोष्ट दाखवली आणि ती मला अजूनही मोलाची वाटते. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी फक्त सहाएकातल्या एकाची ती ओळख नेहमीच्या भेटीतली होती. बाकीच्यांना ती क्वचित किंवा अधूनमधून भेटणाऱ्या माणसाकडून मिळाली. जवळच्या मैत्रिणींना जे ठाऊक असतं ते तुलाही ठाऊक असतं. दूरच्या माणसाकडे दुसऱ्या जगाची बातमी असते. काम मागायला फोन करू नकोस, काय चाललंय ते विचारायला कर. नोकरी हवी असेल तेव्हाच फोन करणाऱ्या माणसाचा फोन लोक ओळखतात.

सध्याच्या साहेबांना ही ऑफर दाखवून पगार वाढवून घेऊ का, असं तू कागदाच्या कोपऱ्यात लिहून खोडलं आहेस. खोडलंस ते बरं केलंस. पगार वाढवून मागायचा असेल तर तुझ्या चार वर्षांच्या कामावर माग, आणि ती मागणी ऑफर नसतानाही करता आली पाहिजे. जायची धमकी दिलीस आणि ते ‘जा’ म्हणाले, तर तुला जावं लागेल. आणि जायचं की नाही हे तू अजून ठरवलेलं नाहीस. राहिलीस तरी त्यांच्या मनात तू अर्धी गेलेली असशील. तसंच नवीन पत्र लेखी हातात येईपर्यंत राजीनामा देऊ नकोस, तोंडी कितीही गोड बोलले तरी.

राहिली ती पत्राची शेवटची ओळ, कार्डाचं घरी कोणालाच माहीत नाही. मला तुझ्या पत्रातली सगळ्यात जड ओळ ती वाटली. तू दर महिन्याला १२ घरी पाठवतेस आणि नंतर बावीस तारखेला कार्डाने जगतेस. म्हणजे घरी पाठवलेल्या पैशांवर तू ४३ टक्के व्याज भरते आहेस आणि त्यांना ते ठाऊक नाही. ठाऊक असतं तर त्यांनी ते घेतले असते का? पैसे पाठवणं बंद कर असं मी म्हणत नाही. त्यांच्या गरजा मला माहीत नाहीत, तुला माहीत आहेत. पण आई-बाबांना खरं सांग. फोनवर नको, समोर बसून. थकबाकीचा आकडा सांग, आणि लगेच पाच महिन्यांचा किंवा दहा महिन्यांचा हिशेबही त्यांच्यापुढे ठेव. नुसती अडचण ऐकली की आई-वडील घाबरतात. फेडायची तारीख सोबत असली की ते मदतीचं बोलतात. कदाचित चार महिने १२ चे ६ करा असं तेच म्हणतील. कदाचित नाही म्हणतील. तरी रात्री एकटीने बिल उघडणं थांबेल.

पत्रावर तू जी सही केली आहेस, तिच्याविषयी मी वेगळं काही लिहीत नाही. उद्या सकाळी त्या कंपनीला मेल पाठव, दोनच प्रश्न: सध्याच्या पैशांवर किती महिने, आणि रोख पगार नेमका किती. उत्तर आलं की मला कळव, मी परत लिहीन. आणि तीन महिन्यांनी, नोकरी जुनी असो वा नवी, कार्डावर किती उरले ते एका ओळीत पाठव. फक्त आकडा लिहिलास तरी चालेल.

तुझी,
ताई